रानातली ब्लूबेरी, बागेतली ब्लूबेरी आणि रोपं विकणारे पाहुणे



ब्लूबेरी हे नाव आता आपल्या गावापर्यंत येऊन पोचलं आहे. कुणाची लेक पुण्या-मुंबईला असते, तिच्या घरी फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या छोट्या डबीत ही निळी फळं दिसतात. डबीत असतात जेमतेम दोन मुठी, आणि किंमत विचारली तर आपल्या एका दिवसाच्या मजुरीजवळ जाते. कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो. काही गटांना तर रोपं विकणारी माणसंही भेटून गेलीत. "ताई, अर्ध्या एकरात लाखाचं उत्पन्न," असं सांगून, हातात रंगीत कागद देऊन गेलीत. मग ग्रामसंघाच्या बैठकीत प्रश्न येतो, लावायची का?

एका ताईंनी विचारलेला दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्या म्हणाल्या, "पाकिटावर 'वाइल्ड ब्लूबेरी' लिहिलंय, म्हणजे रानातली. कुणी लावलीच नाही, तर एवढी पाकिटं भरतात कुठून?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली. बाजारात जी विकली जाते तिच्या मुख्य दोन जाती आहेत. एक बुटकी, एक उंच. बुटकी गुडघ्याच्याही खालीच राहते, वीतभर ते दीड-दोन फूट. उंच जात माणसाच्या डोक्यापर्यंत किंवा त्याहून वर जाते. बुटकी ती रानातली, 'वाइल्ड' नावाने विकली जाणारी. उंच जातीपासून तयार झाली ती बागेतली. म्हणजे एकाच झाडाची एक रानात राहिली आणि एक बागेत आली, असं नाही. दोघी चुलत बहिणी म्हणा.

रानातली ब्लूबेरी होते अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यातल्या मेन नावाच्या राज्यात, आणि त्याच्या आसपासच्या कॅनडाच्या क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक या प्रांतांत. हजारो वर्षांपूर्वी तिथे बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळले तेव्हा मागे राहिली वाळू, दगडगोटे आणि आंबट, निकस जमीन. गहू-मका धड येणार नाही अशी. तिथे ही झुडपं आपली आपण आली. ती पसरतात कशी, तर हरळीसारखी, जमिनीखालून. एका रोपाची खोडं मातीखालून सरकत जातात आणि ठिकठिकाणी डोकं वर काढतात. एक झुडूप वाटतं ते खरं तर एकाच मुळावरचं मोठं कुटुंब असतं. शेजारचं कुटुंब वेगळ्या बीचं, त्याची चव वेगळी, फळाचा रंग वेगळा. एका शेतात अशी शेकडो-हजारो वेगवेगळी कुटुंबं नांदतात. थंडीच्या तोंडावर पानं लाल होतात, तेव्हा प्रत्येकाची लाली निराळी दिसते आणि सगळा माळ ठिगळाठिगळाच्या गोधडीसारखा दिसतो.

म्हणून रानातल्या ब्लूबेरीच्या एका ओंजळीत एक फळ आंबट, एक गोड, एक जवळजवळ काळं, एक फिकट निळं असं सगळं मिळतं. आपण करवंदं खाताना एका जाळीवरची गोड निघतात आणि दोन पावलांवरच्या जाळीवरची तोंड वाकडं करायला लावतात, तसंच.

मग कुणी लावली नाही म्हणजे कुणी काहीच करत नाही का? इथेच आपली समजूत चुकते. ही झुडपं लावत नाहीत, पण राखतात. एक वर्ष फळ घ्यायचं, दुसऱ्या वर्षी झुडपं जमिनीलगत छाटायची किंवा वरून जाळून टाकायची. मुळं आणि खोडं मातीखाली असतात, ती जळत नाहीत. त्यातून नवे फुटवे येतात आणि पुढच्या हंगामात त्या नव्या फुटव्यांवर भरपूर फळ लागतं. म्हणजे जमिनीचा एक भाग यंदा फळाचा, दुसरा पुढच्या वर्षीचा. ही जाळण्याची रीत तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांची. गोरे लोक तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ते असं करत आले. आपल्या कोकणात, मावळात राब भाजतात, त्या बायांना यात नवल वाटणार नाही.

काढणीही बघण्यासारखी असते. ऑगस्ट महिन्यात माणसं वाकून वाकून हे काम करतात. हातात एक अवजार असतं. सुपाला पुढून फणीचे दात लावले तर जसं दिसेल, तसं. झुडपातून ते वर ओढायचं, की फळं सुपात आणि पानं-काड्या बाहेर. आता मोठ्या सपाट शेतांवर यंत्रं चालतात, पण दगडगोट्यांच्या जमिनीत अजून हातानेच. कंबर किती दुखत असेल ते भात लावणाऱ्या बाईला सांगायला नको.

एवढी बारीक फळं, तीही एकदम सगळी उतरवलेली. ती ताजी फार दिवस टिकत नाहीत. म्हणून रानातल्या ब्लूबेरीचा बहुतेक सगळा माल काढल्याबरोबर कारखान्यात जातो आणि गोठवला जातो. पूर्वी डबाबंद होत असे. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा मेनमधल्या डबाबंद ब्लूबेऱ्या सैनिकांना पाठवल्या गेल्या, आणि तिथून हा धंदा वाढला. तर त्या ताईंच्या प्रश्नाचं हे उत्तर: पाकिटं भरतात ती लावलेल्या शेतातून नाही, पिढ्यानपिढ्या राखलेल्या माळरानातून.

बागेत कशी आली

आता दुसरी, उंच जात. डबीत ताजी मिळते ती बहुतेक हीच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीसुद्धा रानातलीच होती. लोक दलदलीत, झाडीत जाऊन गोळा करून आणायचे आणि विकायचे. ही लावता येते यावर कुणाचा विश्वास नव्हता. कारण शेतकरी रानातलं चांगलं झुडूप खणून आणायचे, परसात चांगल्या काळ्या मातीत लावायचे, वर शेणखत घालायचे, चुना टाकायचे. आणि झुडूप मरायचं.

ते का मरतं, हे शोधलं अमेरिकेच्या सरकारी शेती खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्याने प्रयोग करून दाखवलं, की या झाडाला आंबट माती लागते. आपण जिला सकस, कसदार म्हणतो ती माती याला मानवत नाही, आणि चुना तर विषासारखा. 1910 मध्ये त्याने आपले प्रयोग छापले.

ती पुस्तिका एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईच्या वाचनात आली. तिचा जन्म 1871 चा. न्यू जर्सी राज्यात व्हाइट्सबॉग नावाच्या ठिकाणी तिच्या वडिलांचा मोठा मळा होता. तिथे क्रॅनबेरी व्हायची, म्हणजे दलदलीत येणारं लाल आंबट फळ. चार बहिणींत ही थोरली, आणि मळ्याचं काम अंगावर घेतलेली. तिच्या डोक्यात एक साधा हिशेब होता. क्रॅनबेरी येते थंडीच्या तोंडावर, ब्लूबेरी पिकते ऐन उन्हाळ्यात. त्याच जागेतली पडीक, आंबट जमीन वापरून उन्हाळ्याचंही एक पीक मिळालं, तर मळ्याला वर्षातून दोनदा पैसा दिसेल. 1911 मध्ये तिने कोव्हिलला पत्र लिहिलं: प्रयोगाला जागा माझी, मदत माझी, ज्ञान तुमचं.

पण लावायचं कुठलं झुडूप? रानात लाखो झुडपं. त्यात सगळ्यात मोठ्या फळाचं कुठलं, हे कसं कळणार? पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. ते ठाऊक होतं आसपासच्या गरीब लोकांना, जे दरवर्षी रानात जाऊन फळं गोळा करायचे. एलिझाबेथने त्यांनाच कामाला लावलं. प्रत्येकाला एक माप दिलं, त्याला भोक होतं पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. लोक रान तुडवत निघाले. आणि तिने आणखी एक गोष्ट केली, तिचं मला फार कौतुक वाटतं. ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या झुडपाला दिलं. रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेलं झुडूप 'रूबेल' झालं. शंभर वर्षं उलटून गेली, आजही रूबेल ही जात लावली जाते. तिच्यावर कुठलाही संकर झालेला नाही. रानातून आली तशीच आहे.

कोव्हिलने या निवडक झुडपांचे एकमेकांशी संकर केले, मोठ्या फळांच्या नव्या जाती काढल्या, आणि 1916 मध्ये व्हाइट्सबॉगचा पहिला लागवडीचा माल बाजारात गेला. पुढे 1927 मध्ये एलिझाबेथने तिथल्या बागायतदारांचा सहकारी संघ उभा करायला हातभार लावला. फळांची डबी पारदर्शक कागदाने झाकायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आतला माल न उघडता दिसेल, ही कल्पनाही तिचीच असं सांगितलं जातं. आपल्या गटांना पापड-कुरडयांच्या पॅकिंगचं प्रशिक्षण मिळतं ना, ती बाई ते शंभर वर्षांपूर्वी करत होती.

बागेतली ब्लूबेरी बीपासून लावत नाहीत. बी रुजेल, पण येणारं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, आंब्याच्या कोयीसारखंच. म्हणून फांदीचे तुकडे रुजवून रोपं करतात. त्यामुळे एका ओळीतलं प्रत्येक झाड दुसऱ्याची नक्कल असतं. फळ एकसारखं मोठं, एकसारखं गोड, एकाच काळात येणारं. व्यापाऱ्याला हेच हवं असतं. घोसातली फळं मागेपुढे पिकतात, म्हणून चार-चार, पाच-पाच वेळा तोडणी होते. हातात धरायला सोपी, साल टणक, थंडाव्यात ठेवली तर आठवडे टिकते. म्हणून ती विमानातून, जहाजातून आपल्या शहरापर्यंत येऊ शकते.

फळावर जो पांढुरका थर दिसतो, तो औषधाचा समजून काही जणी घासून घासून धुतात. द्राक्षावर असतो तसाच तो फळाचा स्वतःचा मेणासारखा थर आहे. तो फळाला टिकवतो. खायच्या वेळीच धुवावं, आधी धुऊन ठेवू नये.

ताकद कुणात जास्त

हा प्रश्न सगळ्याच विचारतात. मोबाईलवर तर रानातली म्हणजे अमृत असं सांगणारे पुष्कळ. खरी गोष्ट समजायला बटाट्याचं उदाहरण घ्या. एक किलो मोठे बटाटे सोला आणि एक किलो बारीक बटाटे सोला. सालीचा ढीग कुणाचा मोठा? बारकांचा. ब्लूबेरीचा निळा-जांभळा रंग मुख्यतः सालीत असतो, आणि ज्या द्रव्यांचं डॉक्टर आणि संशोधक कौतुक करतात ती याच रंगात असतात. बागेतलं फळ चिरलं तर आतला गर फिकट, हिरवट-पांढरा निघतो. रानातलं फळ बारीक, वाटाण्याएवढं किंवा त्याहून लहान. म्हणून तेवढ्याच वजनात साल जास्त, रंगद्रव्य जास्त, चवही जास्त तीव्र. बागेतल्यात पाणी जास्त, गोडवा सौम्य. फरक खरा आहे, पण त्यात जादू काही नाही.

हाच रंग आपल्या जांभळात, करवंदात, तुतीत, काळ्या द्राक्षात आहे. प्रमाण आणि प्रकार थोडे वेगळे, पण घराणं एक. घरातल्या साखरेच्या पेशंटसाठी कर्ज काढून ब्लूबेरी आणायची गरज मुळीच नाही. कुठलंही फळ गोळीची जागा घेत नाही, हेही त्यांना सांगा. आणि बेकरीत 'ब्लूबेरी केक' म्हणून जो निळा ठिपका मिळतो, त्यात कित्येकदा फळ नावालाच आणि रंग-साखर जास्त असते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

पैसा कुणाला मिळतो

रानातली जास्त चवीची, जास्त रंगाची. मग तिला भाव जास्त मिळत असेल, असं वाटतं ना? दुकानातल्या पाकिटाला मिळतो. शेतकऱ्याला मिळेलच असं नाही. 2016-17 च्या सुमाराला मेनमध्ये असं झालं, की सलग चांगली पिकं आली, कॅनडातही आली, शीतगृहं भरली, आणि बागेतली ब्लूबेरीसुद्धा गोठवून स्वस्तात बाजारात उतरली. रानातल्या ब्लूबेरीचा भाव इतका कोसळला की काढणीचा खर्चही निघेना. काहींनी फळ झुडपावरच सोडून दिलं. आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओततात, तशीच गत.

कारण नीट बघितलं तर आपल्यालाही कामाचं आहे. गोठवलेला माल गोणीने विकला की कारखान्याच्या लेखी तो नुसता कच्चा माल. त्यात रानातलं फळ किती, बागेतलं किती, चव काय, हे कुणी विचारत नाही. मग जो स्वस्त देईल त्याचा माल जातो, आणि स्वस्त देण्यात बाग नेहमी जिंकणार. बागेत एकरी माल जास्त निघतो, दरवर्षी निघतो. रानातल्याला दोन वर्षांनी एकदा.

तिथे टिकून राहण्याची वाट काही जणांनी शोधली ती अशी, की माल स्वतःच्या नावाने विकायचा. मेनमधले पासामाक्वॉडी नावाचे आदिवासी लोक सुमारे 2000 एकरांवर रानातली ब्लूबेरी राखतात. ही जमीन आणि धंदा त्यांच्या समाजाच्या मालकीचा आहे. नुसतं फळ काढून दुसऱ्याच्या कारखान्याला देण्यापेक्षा, गोठवून, पाकीट करून, आपलं नाव घालून विकण्याकडे ते वळले. छोटे शेतकरी जॅम करतात, ताजं फळ दारात विकतात, पाकिटावर 'वाइल्ड' हा शब्द ठळक छापतात. तो शब्द म्हणजे त्यांचं भांडवल आहे.

युरोपातली गोष्ट आणखी बोचरी आहे. स्वीडन-फिनलंडच्या जंगलात ब्लूबेरीची तिसरी बहीण होते, बिलबेरी. तिचा गरसुद्धा आतून जांभळा असतो, खाल्ली की जीभ निळी. तिथे कायद्यानेच कुणालाही जंगलातलं फळ तोडता येतं. पण प्रत्यक्षात तोडायला येतात थायलंडच्या खेड्यांतले शेतकरी, विमानाचं भाडं कर्जाने काढून. हंगाम वाईट गेला की काही जण मजुरी सोडाच, कर्ज घेऊन घरी परततात. यातून कोर्टकचेऱ्याही झाल्या. फळ रानातलं म्हणजे फुकटचं, पण ते गोळा करणारीचे श्रम फुकटचे नसतात, हे तिकडेही विसरलं जातं.

मग आपण लावायची का

आता येऊ या रंगीत कागदाकडे.

ब्लूबेरीला मातीचा सामू साडेचार ते साडेपाच लागतो. सामू म्हणजे माती आंबट की खारट ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट, त्यावर खारट-चुनखडीची. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर असतो. हा फरक दिसतो तीन आकड्यांचा, पण सामूचा एक आकडा म्हणजे दहापट, दोन म्हणजे शंभरपट, तीन म्हणजे हजारपट. थोडं गंधक टाकून तो भागत नाही. कोकणातली, घाटमाथ्यावरची जांभी माती आंबट असते, तिथे त्यातल्या त्यात बरं. पण विहिरीचं-बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पाण्यानेच सामू पुन्हा वर चढतो. या झाडाची मुळं वरवरची आणि फार नाजूक. पाणी तुंबलं तरी मरतं, तुटलं तरी मरतं.

शिवाय थंडी. उत्तरेकडच्या मूळ जातींना हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली तरच फुलं येतात. कमी थंडीत येणाऱ्या जाती आता निघाल्या आहेत आणि आपल्याकडेही काही जण त्या लावतात; पण जमिनीत क्वचितच. कोकोपीट भरलेल्या कुंड्या, शेडनेट, ठिबकमधून आंबट केलेलं पाणी, रोजचं मोजमाप, शेवटी पॅकिंग आणि गाडीपर्यंत थंडावा. ज्याच्या गाठीला पैसा आणि हाताशी तज्ज्ञ आहे, त्याने करावं. आपल्या गटाने अंतर्गत कर्जातून किंवा बँकेच्या कर्जातून करावं असं मला वाटत नाही, आणि हे मी स्पष्टच लिहिते.

तरीही कुणाचा विचार असेल तर रोपं विकायला आलेल्या माणसाला बैठकीत बसवा आणि विचारा. जातीचं नाव काय, तिला थंडी किती लागते? आमच्या मातीचा आणि पाण्याचा तपासणीचा कागद हा घ्या, आता काय म्हणता? तीन वर्षांची झाडं कुणाच्या शेतात उभी आहेत, आम्हाला नेऊन दाखवता का? माल कोण घेणार, ते लिहून देता का? माती-पाणी तपासणी कृषी विज्ञान केंद्रात होते, खर्च किरकोळ. या चार प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला चहा पाजा आणि जाऊ द्या.

एलिझाबेथचं माप आपल्या रानात

ब्लूबेरीपेक्षा तिची गोष्ट आपल्या जास्त उपयोगाची आहे. आपल्या डोंगरात करवंद आहे. ब्लूबेरीशी त्याचं नातं काही नाही, घराणं पूर्ण वेगळं. पण स्थिती अगदी तिच्यासारखी: रानात फुकट, बारीक, काळं, कुणी न लावलेलं, बायकांनी पोरांनी गोळा केलेलं, द्रोणात घालून घाटातल्या रस्त्यावर "डोंगरची काळी मैना" म्हणून विकलेलं. आणि संध्याकाळपर्यंत नाही खपलं तर वाया.

करवंदातही बागेतल्या जाती आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात निवडली आहे. जांभळातली 'कोकण बहाडोली' त्यांचीच. पालघर जिल्ह्यातलं बहाडोली गाव जांभळासाठी प्रसिद्ध आहे, त्याचंच नाव जातीला मिळालं. म्हणजे तिथेही आधी गावाला ठाऊक होतं, विद्यापीठ मागून आलं. मोठ्या फळाचं करवंद लोणच्याला, मुरांब्याला, आणि बेकरीत केकवर लावतात त्या लाल 'चेरी'ला चांगलं. हो, ती चेरी पुष्कळदा पाकात मुरवलेलं, रंग दिलेलं करवंदच असतं. रानातलं बारीक काळं करवंद खायला आणि सरबताला सरस.

दोन्हींचा भाव एका तागडीत करू नका. कच्चं हिरवं करवंद व्यापाऱ्याला गोणीने दिलं तर तुम्ही त्या गोठवलेल्या ब्लूबेरीच्या रांगेत उभ्या राहिलात. पिकलेल्या रानकरवंदाचं सरबत, जॅम गटाच्या नावाने बाटलीत भरलं, वर गावाचं आणि डोंगराचं नाव घातलं, तर ती वेगळी वस्तू झाली. त्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यावी लागते. प्रभागसंघाच्या कार्यालयात फॉर्म भरायला मदत मिळेल. कच्च्या करवंदात जेली घट्ट करणारं द्रव्य भरपूर असतं, म्हणून जॅम करताना पिकलेल्यात थोडी कच्ची, करकरीत फळं मिसळा. बाहेरून पावडर आणायला लागत नाही. फळ तोडताना चीक निघतो, तेव्हा तोडल्यावर पाण्यात टाकून चीक जाऊ द्या. आणि वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जिथे ग्रामसभेला मिळालेला आहे, तिथे हंगामाआधी ग्रामसभेत बसून कुठल्या वाडीने कुठून तोडायचं, किती मागे ठेवायचं हे ठरवून घ्या.

आणि यंदाच्या वैशाखात एवढं करून बघा. गोळा करायला जाल तेव्हा जुन्या बांगडीपेक्षा बारीक, एकाच मापाची एक तारेची कडी प्रत्येकीने बरोबर घ्या. आधी दहा-वीस फळं मोजून कडी अशी करा की नेहमीचं फळ त्यातून सहज खाली पडेल. ज्या जाळीचं फळ कडीत अडकेल, आणि चाखून गोडही लागेल, त्या जाळीला रंगीत चिंधी बांधा. कुणी शोधली तिचं नाव वहीत लिहा. त्या फळांतलं बी काढून लगेच पिशवीत पेरा, कारण करवंदाचं बी वाळवून ठेवलं की त्याची उगवण जाते. बीपासूनची सगळीच रोपं आईसारखी निघणार नाहीत, म्हणून थोडी जास्त पेरा. आणि त्याच जाळीच्या दोन-चार फांद्या जमिनीकडे वाकवून, मधोमध माती टाकून, वर दगड ठेवून द्या. पावसाळ्यात मूळ धरलं तर ते रोप हुबेहूब आईचं. पुढच्या वर्षी बांधावर कुंपणाला लावायला ती रोपं तुमचीच असतील, आणि जातीला नाव कुणाचं द्यायचं ते वहीत लिहिलेलं असेल.